बानं वळलेली म्होरकी

बाचं मढं दारात होतं आणि तात्या पाटलांचा मुलगा मला ताई म्हणत होता.

"ताई, तेवढं तोरण बांधून द्या. मंग माती करायला कुणी आडवं येणार न्हाई. माझा शब्द हाय."

पोळ्याचा दिवस. सकाळचे नऊ वाजले असतील. बा पहाटे गेला होता. मी त्याला अजून धुतलंही नव्हतं. चुलीवर पाणी ठेवलं होतं, ते तापत होतं, आणि हा माणूस अंगणाबाहेर उभा राहून तोरणाचं बोलत होता. आत पाय टाकला नाही त्यानं. पांढरी पँट, पांढरे बूट, हातात मोबाईल. बोलणं साखर पेरल्यासारखं. त्याचे वडील मला "अगे" म्हणायचे. हा "ताई" म्हणतो. आमच्या गावात एवढा बदल झाला आहे, तो मी मान्य करते.

गाव सेनगाव तालुक्यातलं, पुसेगावच्या पुढचं. नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही म्हणाल, त्याच गावची माणसं वाईट.

आमच्याकडं पोळ्याला वेशीवर तोरण लागतं. अंबाडीच्या दोरात आंब्याची पानं ओवून केलेलं. ते मांगानंच बांधायचं. मांगानं बांधल्याशिवाय गावाचे बैल वेशीतून आत येत नाहीत. आधी पाटलाची मानाची जोडी, मागून बाकीचे. वर्षभर आम्ही गावाबाहेर, आणि त्या एका दिवशी सगळं गाव आमच्या हाताकडं बघत उभं. लहानपणी मला याचा अभिमान वाटायचा. पोरींना सांगायचे, आमच्या बाशिवाय तुमचे बैल घरी येत नाहीत.

इतकी वर्षं तोरण माझा चुलता बांधत होता. नाना म्हणतो आम्ही त्याला. पण सख्खा भाऊ गेला म्हटल्यावर नानाला सुतक. मांगवाडा सगळा भावकीचा, म्हणून सगळ्यांनाच सुतक. सुतकातल्या हाताचं तोरण चालत नाही. सकाळी पारावर बैठक बसली आणि कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, की मेलेल्याची पोरगी किरिस्ताव आहे, तिला कुठलं सुतक.

मी विचारलं, "अन् बाची माती कुठं करू?"

"तेच तर सांगून राहिलो. वढ्याच्या जागेत किरिस्तावाला जागा न्हाई, असं गावानं ठरविलं हाय. पण तुमी तोरण बांधलं तर तुमी आपल्याच झाल्या. मंग कोण काय म्हनंल?"

म्हणजे बघा. सुतकाला मी किरिस्ताव. तोरणाला मी मांगाची. मातीला पुन्हा किरिस्ताव. एका बाईचे तीन तुकडे, गावाला जसे लागतील तसे.

ओढ्याच्या जागेत माझी माय आहे. सहा वर्षं झाली तिला. बाची शेवटच्या दिवसांत एकच मागणी होती. बोलायला दम पुरत नव्हता तरी हातानं दाखवायचा, मायच्या शेजारी. मी म्हणायचे, व्हय बा, तिथंच. शब्द दिला होता मी त्याला. एकदा नाही, रोज.

म्हणून खोटं कशाला बोलू, त्या मुलाला मी लगेच नाही म्हणाले नाही. म्हणाले, "बाला धुऊन घेते. मंग बोलू."

"बारापर्यंत बघा. बैल निघतेत बाराला," तो म्हणाला. आणि जाता जाता मागं वळून, "एक फोटू लागंल ताई. तोरण बांधताना. गावाच्या ग्रुपवर टाकायला."

आमच्या घरी येशू चमत्कार घेऊन आला नाही. लोकांना वाटतं, या लोकांना काहीतरी देऊन फसवलं असेल, कुणी बरं झालं असेल, कुणाचं भूत उतरलं असेल. आमच्या घरी तो एका मढ्यामागून आला.

मी आठ वर्षांची होते. ऊसतोडीला गेलो होतो, लांब, नदीकाठच्या कारखान्यावर. माझा भाऊ दोन वर्षांचा. कोपीत तापानं फणफणला आणि तिसऱ्या दिवशी गेला. कोपी म्हणजे पाचटाची झोपडी, आत उभं राहता येत नाही. माय दगड होऊन बसली होती. बा फडातून आला तो कोयता हातात धरून तसाच उभा. शेजारच्या कोपीवाले लांबूनच बघत होते. परक्या मुलखात मेलेलं लेकरू, वर मांगाचं. कोण हात लावणार?

जालन्याकडची एक म्हातारी होती टोळीत. एकटीच यायची, मोळ्या बांधायला. ती आली. तिनं काही विचारलं नाही. पाणी आणलं, माझ्या भावाला मांडीवर घेतलं आणि जिवंत लेकराला न्हाऊ घालावं तसं न्हाऊ घातलं. कानामागचं पुसलं. बोटांच्या बेचक्यातलं पुसलं. स्वतःचं धुतलेलं लुगडं फाडून त्यात गुंडाळलं. मग त्याच्या कपाळावर हात ठेवून डोळे मिटले आणि हळूच काहीतरी बोलली. बा म्हणाला, "कुणाशी बोलून राहिली, माय?" ती म्हणाली, "ज्याचं पोरगंबी मारलं व्हतं लोकांनी, त्याच्याशी."

बस. एवढंच झालं. भाऊ उठला नाही. बा त्या एका वाक्याला धरून बसला, ते मरेपर्यंत.

सीझन संपताना म्हातारीनं बाला तिचं शास्त्र, म्हणजे बायबल, दिलं. पानं कोपऱ्यात वळलेली. बाला अक्षर येत नव्हतं. मी तिसरीत होते. मी वाचायची, तो दोर वळत ऐकायचा. आमच्या अंगणात लिंबाखाली दोर वळायची जागा होती, दोन टोकांना दोन खुंट्या. एका टोकाला बा पीळ द्यायचा, दुसरं टोक मी धरायची. मांडीवर पुस्तक. अडखळले की बा थांबायचा, शब्द सापडला की पुढं वळायचा. मधेच म्हणायचा, "पुन्यांदा वाच." आमची प्रार्थना ती एवढीच.

सेनगावहून चर्चचे एक पाळक मोटारसायकलवर यायला लागले. मांगवाड्यातली चार घरं आमच्या अंगणात बसायला लागली. मायचं मात्र वेगळं होतं. ती बसायची, गाणी म्हणायची आणि कपाळाचं कुंकूही ठेवायची. म्हणायची, "मी दोनीकडं बोलून ठिवते. कोण ऐकंल ते ऐकंल." बा हसायचा.

मी अकरा वर्षांची असताना, पोळ्याच्या आधी, बा तात्यांकडं गेला. तात्या म्हणजे गावाचा पाटील, सगळी गावंदरीची, गावाला लागून असलेली जमीन त्यांची. बानं नवीन दोर नेऊन दिले. वेसणी, कासरे, म्होरक्या, दरसालप्रमाणे. आणि सांगितलं की देवापुढं हलगी वाजवणं आणि तोरण बांधणं सोडलंय. तात्यांनी दोर तेवढे ठेवून घेतले.

पोळ्याच्या दुपारी दोन माणसं आली आणि बाला घेऊन गेली. मी आणि माय मागं. मारुतीच्या पारावर तात्या बसले होते. सगळं गाव होतं. आमचे शाळेचे गुरुजीही होते, हाताची घडी घालून उभे. वेशीबाहेर बैल सजून थांबलेले. कुणीतरी बाच्या गळ्यात हलगी अडकवली.

तात्या म्हणाले, "वाजीव."

बा म्हणाला, "तात्या, दोर पायजे तर वळून देतो. वेसण देतो. देवापुढं वाजवणार न्हाई. तोरण बांधणार न्हाई."

"काहून?"

"माझा देव एक हाय."

लोक हसले. तात्याही हसले. म्हणाले, "सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई मांगाचा." मग शेजारच्या ढिगातून एक नवी म्होरकी उचलली. म्होरकी म्हणजे बैलाच्या तोंडावरून कानामागं बांधतात तो दोर, त्याला धरून बैल फिरवतात. म्हणाले, "बैल ऐकंना तर म्होरकी घालावी लागती."

घातली. माझ्या बाच्या तोंडावरून, कानामागून. गाठ मारली. एकानं दोर धरला आणि बाला मारुतीभोवती फिरवायला सुरुवात केली, पोळ्याला बैल फिरवतात तसं. पहिला फेरा. हलगी पोटावर आपटत होती. बाची टोपी पडली. तो ओढत नव्हता, बसत नव्हता, शिवी देत नव्हता. नुसता चालत होता. दुसरा फेरा.

ती म्होरकी मी ओळखली. आठ दिवसांपूर्वीच वळली होती. तिचं दुसरं टोक मी धरलं होतं. पीळ सैल पडला म्हणून बा मला बोललाही होता, घट धर लेकरा, बैलाला सुटाया नगं.

तिसऱ्या फेऱ्याला बाचा पाय अडखळला आणि तो गुडघ्यावर गेला. मायनं पदर तोंडात कोंबला. मला पुढचं नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी पाराजवळ ठेवलेलं तोरण उचललं, वेशीकडं पळाले, बैलगाडीवर चढले आणि बांधलं. दोन्ही बाजूंना दोन-दोन गाठी मारल्या. बानंच शिकवलेल्या. आणि ओरडले, "बांधलं. सोडा त्याला."

गाव खूश झालं. टाळ्या पडल्या. तात्या म्हणाले, "बापापरीस पोरगी शहानी निघाली." म्होरकी सोडली. बैल वाजतगाजत वेशीतून आत गेले. बा पाराजवळ तसाच बसला होता आणि माझ्याकडं बघत होता. रागानं बघितलं असतं तर मी ते आजवर विसरले असते.

मला वाटलं होतं मी त्याला सोडवलं. अकरा वर्षांचं डोकं ते. तीन फेरे तो माणूस ज्याच्यासाठी चालला, ते मी चार गाठींत मोडून टाकलं. त्याच्या जवळ तेवढं एकच होतं, आणि ते मी गावाला देऊन आले.

घरी आलो. बानं तोंड धुतलं. नाकावर आणि कानामागं दोराचा लाल वळ उठला होता. मायनं भाकरी टाकल्या. मी कोपऱ्यात बसले होते, चुलीकडं गेले नाही. बा म्हणाला, "पुस्तक घे. माशाचं वाच."

मला कळलं कुठलं. एका शिष्यानं भर संकटात प्रभूला ओळखत नाही म्हणून तीनदा सांगितलं होतं. पुढं प्रभू त्याला पाण्याच्या काठावर भेटतो, निखाऱ्यावर मासे भाजत. मला वाटलं बा मला शिक्षा करतोय. रडत रडत वाचायला लागले. मासे भाजल्यापर्यंत आले तशी बानं थांबवलं.

"आधी काय केलं त्यानं?"

"जेवाया दिलं."

"इचारलं कवा?"

"मंग. जेवल्यावर."

बानं भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर मिरचीचा ठेचा घातला आणि माझ्यापुढं धरला. "जेव," म्हणाला. त्या गोष्टीवर तो आयुष्यात पुन्हा एक अक्षर बोलला नाही.

त्यानं मारायला पाहिजे होतं. मारलं असतं तर फिटलं असतं. त्या भाकरीचा घास माझ्या घशात कितीतरी वर्षं अडकून राहिला. अंगणात प्रार्थना व्हायची तेव्हा मी डोळे मिटायची, पण आत कुणाशी बोलायची हिंमत व्हायची नाही. कुठल्या तोंडानं बोलू?

दुसऱ्या वर्षापासून नाना तोरण बांधायला लागला. त्याला पोरं होती, गावात राहायचं होतं. पण गावानं बाला सोडलं नाही. शेतात कुणी बोलावेना. गिरणीवाला म्हणायचा, पट्टा तुटलाय, आणि आमच्यामागून आलेल्याचं दळून द्यायचा. चार घरांतली तीन माघारी गेली. त्यांना मी नावं ठेवत नाही. गाव करी ते राव न करी म्हणतात, ते चांगल्या कामालाही खरं आणि असल्या कामालाही. रस्त्यानं पोरं बाला "येशूचा बैल" म्हणायची. बा हात वर करून त्यांना नमस्कार करायचा. मला त्याचा राग यायचा. गावाचा यायचा त्यापेक्षा जास्त यायचा.

दहावी झाले आणि हिंगोलीला निघून आले. एका खासगी दवाखान्यात आया म्हणून लागले. लादी पुसणं, पेशंटचं भांडं काढणं, आणि कुणी गेलं की धुऊन बांधणं. हे शेवटचं काम बाकीच्या बाया टाळायच्या. माझ्यावर यायचं. आमच्याच लोकांवर यायचं ते, तिथंही.

एकदा वारंगा फाट्यावर अपघात झालेला एक माणूस आणला. ट्रकवरचा कुणी. नाव नाही, गाव नाही. दोन तासांत गेला. मी एकटी त्या खोलीत. पाणी घेतलं. कानामागचं पुसायला लागले तसा हात थांबला. कोपीतली म्हातारी आठवली. भावाचं छोटं डोकं तिच्या मांडीवर आठवलं. आणि मी त्या परक्या माणसाच्या कपाळावर हात ठेवला आणि इतक्या वर्षांनी तोंड उघडलं. काय बोलले ते सांगत नाही. पण कुणीतरी ऐकत होतं हे मला तिथं कळलं, त्या फिनेलच्या वासात. सभेत, गाण्यात, उपदेशात नाही कळलं. तेव्हापासून मी ते काम मागून घेते.

माय गेली तेव्हा तात्या जिवंत होते. म्हणाले, बाईच्या कपाळावर कुंकू हाय, होऊ द्या माती. ओढ्याकाठी तिला जागा मिळाली. पुढच्याच वर्षी तात्याही गेले. मग बाला दम लागला. अंबाडीचा धुरळा आयुष्यभर खाल्लेला. मी त्याला हिंगोलीला चल म्हणायचे, तो महिनाभर राहायचा आणि पळून यायचा. गावात नायलॉनचे दोर आले होते, तरी तो वळायचा. कुणी घेत नव्हतं तरी वळायचा. रविवारी हलगी मांडीवर घेऊन बोटांनी हळू वाजवायचा आणि एकटाच गाणी म्हणायचा, दम लागेपर्यंत.

शेवटच्या महिन्यात मी सुट्टी टाकून आले. एक दिवस तो खोकून खोकून निळा पडला आणि माझा बांध फुटला. म्हणाले, "बा, इतकं मागतोस त्याला. ऐकत काहून न्हाई तुझा देव?"

बा बराच वेळ श्वास गोळा करत होता. मग म्हणाला, "लेकरू माघारी मागितलं व्हतं. न्हाई दिलं. तवा उठून गेलो न्हाई. आता दम्यापायी उठून जाऊ व्हय?"

आणि हसला. मला हसू आलं नाही. आजही येत नाही.

तर त्या सकाळी मी बाला धुतलं. वीस वर्षांहून जास्त झाली होती, तरी कानामागं बोट फिरवून मी तो वळ शोधला. नव्हता. हात धुतले. पीळ देऊन देऊन बोटं वाकडी झालेली, मेल्यावरही सरळ होत नव्हती. ती बोटं एकेक करून पुसताना मी रडले. आधी रडले नव्हते.

मधेच पाळकांचा फोन आला. म्हणाले, "बाई, गावाशी वाद नको. मी हिंगोलीहून गाडी पाठवतो. आपल्या मंडळीच्या जागेत माती देऊ." चांगलं सांगत होते. मी म्हणाले, "पाळकसाहेब, जितेपनी बाला हे गाव बाहेर काढू शकलं न्हाई. आता मीच कशी नेऊ?"

आणि तोरण? खरंच सांगते, बारा वाजेपर्यंत मी ते मनात दहादा बांधलं. काय असतं हो त्यात? थोडी पानं, हातभर दोर. देवाला काय कळत नाही माझं मन? बा मायजवळ जाईल. मी शब्द पाळेन. फोटो निघेल, निघू दे. मग त्या वाकड्या बोटांकडं बघितलं. तीन फेरे. मी पुन्हा गाठ मारली तर याच्या मेलेल्या तोंडावर म्होरकी घालणारी मीच. यावेळी तर मी अकरा वर्षांची पोरही उरले नव्हते.

ओल्या लुगड्यातच वेशीकडं गेले. बैल सजून उभे. झुली, गोंडे, रंगवलेली शिंगं. तात्यांचा मुलगा पुढं आला. तोरण ताटात ठेवलं होतं. कुणीतरी मोबाईल वर धरला.

मी म्हणाले, "तोरण मी बांधनार न्हाई."

"ताई, तुमच्या आईशेजारची जागा..."

"ठावं हाय मला."

"लहानपनी तर तुमीच बांधलं व्हतं. आमचे तात्या सांगायचे."

"व्हय. तवा माझा बा म्होरकीत व्हता. आता न्हाई."

तो गोंधळला. आवाज थोडा चढला. "मंग बैल आत कसे येतेल?"

"रोज येतेत तसे."

मी बोलले तेव्हा मलाही ते पहिल्यांदाच दिसलं. दोन जुने दगडी खांब. दार नाही, कडी नाही. रोज सकाळी बैल त्यातूनच रानात जातात, रोज संध्याकाळी त्यातूनच येतात. कुणाच्या तोरणासाठी थांबत नाहीत. एका दिवसापुरता आम्हाला मान दिला होता, आणि तो मान राखायला माझ्या बाला जनावरासारखं फिरवलं होतं.

माघारी आले. अंगणात लिंबाखाली, दोर वळायच्या जागेत, दोन खुंट्यांच्या मधे खणायला सुरुवात केली. ती जागा आमच्या नावची. माती दगडासारखी, वर्षानुवर्षं बाच्या पायानं तुडवलेली. थोड्या वेळानं नाना टिकाव घेऊन आला. सुतकातला, घाबरलेला. म्हणाला, "उंद्या मलाबी वढ्याकाठी जागा देतेल का न्हाई, देव जाणं." आणि खणायला लागला. दोन-तीन बाया आल्या. पाळकही आले, गाडी लांब लावून, चालत. आम्ही बाला खाली ठेवलं तेव्हा वेशीकडून मोठा गलका ऐकू आला.

नंतर कळलं. तात्यांच्या मुलानं ट्रॅक्टरवर चढून स्वतःच तोरण बांधलं. हात होते तर त्यांना. पिढ्यानपिढ्या आम्हाला वाटत होतं की ते काम आमच्याच हाताला येतं.

बा मायशेजारी नाही. हे लिहितानाही लिहवत नाही. त्यानं आयुष्यात माझ्याकडं एकच गोष्ट मागितली आणि ती मी दिली नाही. देवासाठी मोडलं म्हणून मन शांत होतं असं कुणी सांगत असेल तर त्यानं बाप पुरलेला नाही. माय ओढ्याकाठी, बा अंगणात, आणि मधे ती वेस. मी रोज तिच्यातून जाते. रविवारी पुस्तक उघडते, एकटीच वाचते. पुन्हा वाच म्हणणारं कुणी नाही. देवाला रोज विचारते, हे असंच का. तो सांगत नाही. मी उठून जात नाही.

हिंगोलीचं काम सोडलं नाही. एसटीनं जाते, येते, पण राहते इथंच. ओढ्याच्या जागेसाठी तहसीलला अर्ज दिला आहे. पहिला हरवला म्हणाले, दुसरा दिला. दुसऱ्याचं उत्तर नाही, तिसरा लिहिला आहे. सुट्टीच्या दिवशी दोर वळते. दुसरं टोक धरायला कुणी नाही म्हणून ते बाच्या उशाच्या खुंटीला अडकवते.

यंदाही पोळ्याच्या आधी तात्यांचा मुलगा आला होता. अंगणाबाहेरच उभा राहिला. नाना थकलाय म्हणाला, ताई, गावाचा मान हाय, झालं गेलं सोडून द्या. मी पीळ देत होते. वर न बघता म्हणाले, "दोर पायजे तर वळून देते. वेसण देते. तोरण बांधनार न्हाई."

मला मरून मायच्या शेजारी जायचं आहे, आणि त्याआधी बाला तिथं न्यायचं आहे. वेशीतून, दिवसाउजेडी, त्याच्या क्रूसासकट. मांगाची, किरिस्ताव आणि याच गावची, अशी सगळी मिळून मी एक बाई आहे. माझे तुकडे करून मिळणारी जागा मला नको.